चोवीसातली एक

पर्युषणात आमचं महिला मंडळ धारमधल्या एका सरकारी शाळेत वह्या वाटतं. यंदा पाचवीच्या पटावर 41 नावं होती आणि वर्गात 17 मुलं. वह्या उरल्या. परतताना रिक्षात एकच विषय. फुकट पुस्तकं, फुकट जेवण, तरी पोरं घरी. या लोकांना शिकायचंच नाही! कुणी मास्तरांवर घसरलं, कुणी सरकारवर. मीही मान डोलावली, खोटं कशाला सांगू?

घरी आले तर आमच्या भांडीवाल्या बाईची दहा वर्षांची मुलगी मोरीत बसून कढई घासत होती. आईला ताप आला म्हणून बदली आली होती. न आलेल्या चोवीसातली एक माझ्याच घरात.

मास्तरांना मी सोडत नाही. जो येत नाही, किंवा येऊन शिकवत नाही, त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण मतदारयाद्या आणि जनगणना त्याच्याच गळ्यात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने ही कामं त्याला लावायची मुभा ठेवली आहे. त्याच कायद्यात मुलाला शाळेत घालणं आईबापाचं कर्तव्य म्हटलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया हव्यात, असंही आहे. ठीक. पण बैठक भरते दुपारी, आणि त्या वेळी ही आई कुठे असते? आपल्या मोरीत!

आपल्यालाही कायद्याने धरलंय, आपण वाचत नाही एवढंच. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवायला बंदी आहे. "ठेवली कुठे, आईच्या बदली आली" म्हणणाऱ्यांनी (मीही म्हटलं) 2016 ची दुरुस्ती पाहावी. घरच्यांना मदत करायची तीसुद्धा शाळा सुटल्यावर किंवा सुटीत.

मंडळात एकीने तोडगा काढला, आईबापांना दंड करा. शाहू महाराजांनी केलाच होता, 1917 साली, महिना एक रुपया. पण महाराज नुसता दंड करून थांबले नव्हते, त्यांनी वसतिगृहांना हात दिला होता. कोल्हापुरात 1901 साली निघालेलं जैन बोर्डिंग त्यातलंच. तिथे राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि गोरगरिबांच्या पोरांना वसतिगृहात आणून ठेवलं. त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाऊराव आपल्या समाजाचे म्हणून आपण फोटोला हार घालतो. लक्ष्मीबाईंचं नाव किती जणींना ठाऊक आहे?

आणि आपण काय देतो? वह्या. त्याला ज्ञानदान म्हणतो, फोटो काढतो. बायांनो, आपण रोज प्रतिक्रमण करणाऱ्या. कर्म तीन वाटांनी लागतं हे आपल्याला पाठ आहे: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि कुणी करत असताना मान डोलावलेलं. सूर्यास्तानंतर घास घेत नाही, पाणी गाळून पितो, मुंगी वाचवतो. मग पोरीचा शाळेचा दिवस आपल्या मोरीत जातो तो कुठल्या हिशेबात धरायचा? "मी तिला बोलावलं नव्हतं" हे मुंगीच्या बाबतीत आपण चालवून घेत नाही.

गरिबी मोठी आहे, मान्य. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी भिल्ल-भिलाला कुटुंबं मजुरीला गुजरातेत जातात. पोरांची नावं इथल्या पटावर, पोरं तिकडे. ते माझ्या हातात नाही. मोरी आहे.

म्हणून बाईला सांगितलं, तुझ्या तापाचे पैसे कापणार नाही, पोरीला पाठवायचं नाही. भांडी एक दिवस मी घासेन. घरात कुरकूर झाली, होऊ दे. बाई मात्र हसली. म्हणाली, "ताई, तुमच्या एका घराचं झालं. बाकी तीन घरं म्हणतात, तू नाही तर पोरीला धाड, नाहीतर दुसरी बघतो."

ती तीन घरं कुणाची, मी विचारलं. तिघीही त्या दिवशी रिक्षात होत्या.