गुकेश हरतोय म्हणजे नक्की काय होतंय?

गोव्यात वर्ल्ड कप सुरू होता तेव्हा तुमच्यातल्या बुद्धिबळवेड्यांनी रोजचे निकाल पाहिले असतीलच. भारतात स्पर्धा, कपाला विश्वनाथन आनंदचं नाव, आणि आपला विश्वविजेता दोम्माराजू गुकेश तिसऱ्या फेरीतच बाहेर. त्याला हरवणारा जर्मनीचा फ्रेडरिक स्वाने हे नाव अनेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी सप्टेंबरमध्ये समरकंदच्या ग्रँड स्विसमध्ये तर तो सलग तीन डाव हरला होता. समोर होते अमेरिकेचा अभिमन्यू मिश्रा, ग्रीसचा निकोलस थिओडोरू आणि तुर्कस्तानचा एदिझ गुरेल. यातले मिश्रा आणि गुरेल तर अजून शाळकरी वयाचे!

मग कमेंट सेक्शनमध्ये जे व्हायचं ते झालं. ‘फ्लूक चॅम्पियन’, ‘डिंगने गिफ्ट दिलं’, ‘कार्लसन खेळला असता तर...’ डिसेंबर २०२४ मध्ये स्टेटसला त्याचा फोटो ठेवणारेही यात असतील. बुद्धिबळ हा निदान असा खेळ आहे की प्रत्येक चाल लिहिलेली असते आणि कुणालाही बघता येते. त्यामुळे ‘फ्लूक’ हा शब्द वापरण्याआधी त्याचे डाव बघायला काय हरकत आहे?

सुरुवात त्याच डावापासून करू. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. चौदा डावांच्या लढतीतला शेवटचा डाव, दोघांचे गुण साडेसहा-साडेसहा. हा डाव बरोबरीत सुटला असता तर दुसऱ्या दिवशी जलद डावांचा टायब्रेक होता आणि तिथे डिंग लिरेनचं पारडं जड मानलं जात होतं. गुकेशकडे काळी मोहरी. डिंगने एक प्यादं सोडून सगळं सोपं करून टाकलं होतं. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, उरलेली प्यादी पटाच्या एकाच बाजूला. इंजिन म्हणत होतं बरोबरी. कॉमेंट्री करणारेही तेच म्हणत होते. अशा पोझिशनमध्ये बहुतेक जण हात मिळवून मोकळे होतात. गुकेश खेळत राहिला.

पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. दिसायला साधी चाल. पण डिंगचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात होता. कोपऱ्यातल्या उंटाकडे एकच तिरपी रेघ असते. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट त्याच रेघेवर, डी-५ ला आणून बसवला. आता डिंगचा उंट कुठेही गेला तरी त्याच रेघेवर राहणार, म्हणजे उंटांची अदलाबदल होणारच. उरणार फक्त राजे आणि प्यादी, आणि प्यादं जास्त गुकेशकडे. ५८ व्या चालीला डिंगने डाव सोडला. गुकेश रडत रडत पटावरची मोहरी पुन्हा जागेवर लावत बसला, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल.

डिंगची ती चाल घोडचूक होती यात वाद नाही. माजी जगज्जेता व्लादिमिर क्रामनिकनेही त्यावर उघड टीका केली. पण ती चूक होण्यासाठी पंचावन्नावी चाल यावी लागली, आणि ती येईपर्यंत समोरच्याला बसवून ठेवलं गुकेशने. हे एकाच दिवशी घडलं असंही नाही. याच लढतीच्या सहाव्या डावात त्याच्याकडे काळी मोहरी होती, पोझिशन थोडी वाईटच होती, चालींची पुनरावृत्ती करून बरोबरी समोर तयार होती. त्याने ती नाकारली. तो डाव शेवटी बरोबरीतच सुटला, त्यामुळे कुणाच्या रीलमध्ये आला नाही. माझ्या मते मात्र गुकेश समजून घ्यायचा तर चौदाव्याआधी हा सहावा डाव बघायला हवा. पहिला डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी हरलेला, अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेत्याला सांगतो, ‘बरोबरी नको, खेळू या.’

हा हट्ट कुठून आला? त्याचे सुरुवातीचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला बरीच वर्षं कॉम्प्युटर इंजिनपासून लांब ठेवलं होतं. रेटिंग २५०० च्या आसपास पोहोचेपर्यंत इंजिन नाही. आजच्या काळात हे विचित्रच. बाकीची मुलं मोबाइलवर योग्य चाल बघून पाठ करत असताना हा स्वतःच्या डोक्याने मोजत बसायचा. तरीही तो १२ वर्षं ७ महिने १७ दिवसांचा असताना ग्रँडमास्टर झाला, तेव्हाच्या विक्रमापासून फक्त सतरा दिवस दूर. चेन्नईच्या या मुलाने चौथीनंतर पूर्णवेळ शाळा सोडली होती. वडील ईएनटी सर्जन, पण स्पर्धांसाठी मुलाबरोबर फिरायचं म्हणून त्यांनी प्रॅक्टिस बाजूला ठेवली. घर आईच्या नोकरीवर चालायचं. आपल्याकडे गॅप इयर घ्यायचा म्हटलं तरी घरात तीन दिवस चर्चा होते!

पण मोजत बसण्याची किंमतही असते, आणि ती घड्याळावर दिसते. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरंटोला कँडिडेट्स स्पर्धा झाली. जगज्जेत्याला कोण आव्हान देणार हे ठरवणारी ही आठ जणांची स्पर्धा. सातव्या फेरीत अलीरेझा फिरूझाविरुद्ध गुकेशचा वेळ संपत आला आणि हातातला डाव गेला. आठव्या फेरीत त्याने आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीला हरवलं, तेराव्या फेरीत त्याच फिरूझाला, आणि १४ पैकी ९ गुणांनी स्पर्धा जिंकली. ताकद आणि दुबळेपणा दोन्ही एकाच सवयीतून आलेले. क्लासिकल डावात मोजायला तास मिळतात, तिथे हा सगळ्यांना भारी. ब्लिट्झमध्ये मिनिटं मिळतात, तिथे तो आजही साधारण आहे. तरी २०२५ च्या जुलैमध्ये झाग्रेबला रॅपिडमध्ये त्याने कार्लसनला हरवून तो विभाग जिंकला, तेही कार्लसनने आधी त्याला कमकुवत खेळाडूंमध्ये गणल्यावर. पुढे ब्लिट्झमध्ये मात्र घसरला आणि एकूण तिसरा आला.

आता २०२५ कडे बघा. जूनमध्ये नॉर्वेत कार्लसनने टेबलावर मूठ आपटली तो डाव आठवतोय? तिथेही गुकेश बराच वेळ हरत होता. चिवटपणे टिकून राहिला, दोघांचा वेळ संपत आला, कार्लसन चुकला. सिंगापूरचीच पद्धत. त्या दिवशी सगळ्यांनी त्याला ‘फायटर’ म्हटलं. मग हीच पद्धत उलटली की तो ‘फ्लूक’ कसा होतो? रेटिंगने खाली असलेल्या खेळाडूशी बरोबरी झाली तरी रेटिंगचे गुण जातात. जो मुळातच बरोबरी टाळतो, तो अशा वेळी आणखी ताणतो. ताणलं की तुटतंही.

शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. जगज्जेतेपद म्हणजे जगातला पहिला नंबर नव्हे. नंबर रेटिंगवरून ठरतो आणि तिथे अनेक वर्षं कार्लसनच वर आहे. २०२२ मध्ये त्याने आपणहून गादी सोडली, कारण त्याला या लांबलचक लढती नकोशा झाल्या होत्या. भारतातही २०२५ च्या अखेरीस अर्जुन एरिगैसीचं रेटिंग गुकेशपेक्षा जास्त होतं. पण गादीसाठी एकाच माणसासमोर चौदा डाव बसावं लागतं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याचसमोर. ती परीक्षा वेगळी. सिंगापूरला अकरावा डाव गुकेशने २९ चालींत जिंकला, बाराव्यात डिंगने त्याला साफ झोपवलं, आणि दोन डावांनी तो जगज्जेता झाला. कार्लसन नव्हता म्हणून ही गादी हलकी, असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. जो परीक्षेला बसला नाही, त्याचे मार्क कुठून आणायचे?

म्हणून गुकेशचं २०२५ हे वर्ष चांगलं गेलं का? अजिबात नाही. तीन सलग पराभव जगज्जेत्याला शोभत नाहीत. वेळेचं गणित त्याला सुधारावंच लागेल, आणि प्रत्येक बरोबरीची पोझिशन जिंकायलाच हवी असं नसतं हेही शिकावं लागेल. त्या वर्षी तो अवघा १९ वर्षांचा होता, तुमच्यातल्या एसवाय-टीवायवाल्यांच्याच वयाचा. समरकंद किंवा गोव्यात खेळायची त्याला पात्रतेसाठी गरजही नव्हती. गादी राखायला घरी बसून तयारी केली असती तरी नियमात बसलं असतं. तो गेला, खेळला, हरला.

त्यानंतरची कँडिडेट्स २०२६ ची, सायप्रसची. खुल्या गटात त्यासाठी आपला प्रज्ञानंद, गोव्यात कप जिंकलेला उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव्ह, कारुआना आणि नाकामुरा पात्र ठरले. महिला गटात नागपूरची दिव्या देशमुख पात्र ठरली. खुल्या गटाचा विजेता म्हणजे गुकेशचा आव्हानवीर. तुम्ही मात्र सिंगापूरचा सहावा डाव उघडा, सव्विसाव्या चालीपाशी थांबा आणि मित्राला विचारा, ‘तू असतास तर बरोबरी घेतली असतीस का?’