गाळाचा हिशेब

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पाणी शिरले आणि दुसऱ्या दिवशी ओसरू लागले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती पाण्याची. मी आठ-दहा दिवसांनी गेलो, तेव्हा पाणी कुठेच नव्हते. होता तो गाळ. बाजारपेठेतल्या एका कापड दुकानदाराचे खाते पूर्वी माझ्याकडे होते. फावडे बाजूला ठेवून तो म्हणाला, ‘‘साहेब, पाणी काय, आलं तसं गेलं. हा पाहुणा मात्र हलत नाही.’’

ओला असताना हा गाळ लोण्यासारखा मऊ असतो आणि वाळला की विटेसारखा घट्ट. शटरच्या कुलपात, विजेच्या मीटरमध्ये, शिवणयंत्राच्या दात्यांत, सगळीकडे तो जाऊन बसला होता. गटारे त्यानेच बुजली होती, त्यामुळे घर धुतलेले पाणी पुन्हा घरातच येत होते. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ नंतर पुन्हा एकदा हा मार बसला. भिजलेले पुस्तक निदान वाळवून पाहता येते; पानापानांत गाळ शिरलेल्या पुस्तकाची नुसती वीट होते.

पुराच्या पाण्याला आपण पाणी म्हणतो, ही पहिली चूक. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन दुप्पट होत नाही, जुन्या ठोकताळ्याप्रमाणे ते चौसष्टपट होते. (चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्या माणसालाही हा आकडा दचकवतो.) वाशिष्ठी सह्याद्रीच्या कड्यावरून थोड्याच अंतरात खाली येते आणि चिपळुणाशी सपाटीला लागते. वेग मोडला की ओझे टाकणे आलेच. आधी दगडगोटे, मग वाळू, आणि शेवटी, जिथे पाणी थबकते तिथे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात, बारीक माती. त्यात खाडीला भरती असली तर पाण्याला पुढे सरकायला जागाच नसते. पात्रात वर्षानुवर्षे साचलेल्या गाळामुळे नदी उथळ झालेली असते, ते निराळेच.

आता भिंतीचे पाहा. बाहेर एक मीटर पाणी असेल आणि आत नसेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर अर्धा टन रेटा येतो. तीन मीटर पाणी असेल तर साडेचार टन. पाण्यात माती कालवली की तो आणखी वाढतो. पण पुष्कळ घरे पाणी चढताना पडत नाहीत, उतरताना पडतात. बाहेरचे पाणी भराभर उतरते, आतले दारात साचलेल्या गाळाने अडते, आणि भिंत बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. तोवर घराच्या कोपऱ्याशी वळलेल्या प्रवाहाने जोत्याखालची माती उकरून नेलेली असते. वरून घर धडधाकट दिसते, जोत्याखाली पोकळी. दिवाळीच्या सुमारास एक तिरकी भेग उमटते, आणि तोपर्यंत पंचनामे करणारे येऊन गेलेले असतात.

उत्तरकाशी जिल्ह्यातल्या धरालीत ५ ऑगस्ट २०२५ रोजी जे झाले, ते याचेच भयंकर रूप. तिथे पाण्यात गाळ नव्हता, गाळात थोडे पाणी होते. खीरगंगेच्या वाटेतली हॉटेले आणि घरे पाहता पाहता गाडली गेली. ज्या सपाट जागेवर ती उभी होती, ती त्याच ओढ्याने पूर्वीच्या पुरांत आणून टाकलेल्या दगडमातीची होती. तिथले कल्प केदारचे देऊळ याआधीही मातीखाली गेले होते. जागेने आपला पूर्वेतिहास लपवून ठेवला होता, असे म्हणता येणार नाही.

चिपळुणात २०२१ च्या अखेरीस नागरिकांनी साखळी उपोषण केले आणि नदीतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले. त्यांचे करावे तितके कौतुक थोडेच. पण काढलेला गाळ काठावरच रचला, किंवा त्यानेच सखल जागा भरून भूखंड पाडले, तर नदीच्या एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकल्यासारखे होईल. शिवाय वर डोंगर पोखरणे आणि झाडे तोडणे चालूच असेल, तर खाली किती उपसणार?

इथे मला माझ्या जुन्या खुर्चीबद्दल बोलणे भाग आहे. घरबांधणीची शेकडो कर्जे मी मंजूर केली. सातबारा पाहिला, बोजा पाहिला, तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलांकडून घेतला. पण जागा भरावाची आहे काय, मागच्या पुरात तिथे किती पाणी होते, हे एकदाही विचारले नाही. फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खाते आखते. ती नकाशावर राहते, आणि कर्जदार वीस वर्षांचे हप्ते घेऊन तिच्या आत राहायला जातो. गहाण मालमत्तेच्या मूल्यांकन अहवालात पूररेषेचा आणि भरावाचा रकाना सक्तीने घालावा, आणि तो कोरा असेल तर कर्ज देऊ नये. बिल्डर ओरडतील. माझ्या वेळी तो असता, तर त्या कापड दुकानदाराच्या घराच्या कर्जावर मी सही केली नसती. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.