पुरावा कुणी द्यायचा?

1953 सालच्या अमेरिकेत समलिंगी माणूस एकाच वेळी गुन्हेगार होता, पापी होता आणि रोगीही होता. पोलिसांपाशी कायदा होता, धर्मगुरूंपाशी ग्रंथ होता, डॉक्टरांपाशी निदान होतं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशाने अशा माणसांना केंद्र सरकारच्या नोकरीतून हाकलायला वाट मोकळी झाली. विजेचे झटके, खच्चीकरण, मेंदूवर शस्त्रक्रिया, हे सगळं ‘उपचार’ या सोज्वळ नावाखाली चाललं होतं.

आणि एवढ्या ठाम खात्रीला आधार कशाचा? तुरुंगातल्या कैद्यांचा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांचा. इस्पितळात जाऊन माणसं मोजायची आणि अख्खं गाव आजारी आहे अशी दवंडी पिटायची, असा हा प्रकार. मोठमोठ्या पदव्यांचे लोक तो करत होते आणि शहाणासुरता समाज माना डोलावत होता.

तो थांबवायला एक बाई लागली. एव्हलिन हूकर. 1907 साली नेब्रास्कात जन्म, नऊ भावंडांतली सहावी, सुरुवातीचं शिक्षण एका खोलीच्या शाळांमधून. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून 1932 मध्ये मानसशास्त्रातली डॉक्टरेट. त्याआधी येल विद्यापीठात जायची इच्छा होती, पण विभागप्रमुखांनी बाईसाठी शिफारस करायला नकार दिला. मग क्षयाने गाठलं, आरोग्यधामात दिवस काढावे लागले. 1937-38 मध्ये शिष्यवृत्तीवर बर्लिनला गेल्या आणि एका ज्यू कुटुंबात राहिल्या. ते कुटुंब पुढे छळछावणीत संपलं. एखाद्या समूहाला आधी ‘विकृत’ ठरवायचं आणि मग त्याच्याशी काहीही करायला मोकळं व्हायचं, हे ज्या समाजात घडत होतं, तो समाज हूकरबाईंनी आतून पाहिला होता. त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहताना मला हे वर्ष विसरता येत नाही.

पुढे लॉस एंजेलिसमध्ये हूकरबाई विद्यापीठाच्या बाह्यवर्गांना शिकवत. तिथे 1944च्या सुमारास सॅम फ्रॉम नावाचा हुशार विद्यार्थी त्यांच्या वर्गात आला. ओळख वाढली, घरोबा झाला. बाई आणि त्यांचे पती सॅमच्या मित्रमंडळींत मिसळू लागले. ही सगळी मंडळी समलिंगी होती. कामधंदा करणारी, हसतीखेळती, घरी जेवायला बोलावणारी. एक दिवस सॅमने सरळ मागणी केली. आम्ही कसे आहोत ते तुम्ही पाहिलंत, आता आमचा अभ्यास करणं हे शास्त्रज्ञ म्हणून तुमचं कर्तव्य आहे. बाईंनी आधी टाळलं. मित्रांचा अभ्यास कसा करायचा, ही अडचण खरी होती. पण मागणी त्यांच्या मनातून गेली नाही.

1953 मध्ये त्यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे अनुदान मागितलं. संशयाच्या त्या काळात ते मिळणं अवघडच होतं, तरी मिळालं. आता माणसं हवी होती. कधी उपचार घेतलेले नाहीत, कधी तुरुंग पाहिलेला नाही, असे तीस समलिंगी पुरुष. समलिंगी पुरुषांच्या मॅटाशीन सोसायटी या संघटनेने ते मिळवायला मदत केली. त्यांच्या जोडीला वय, शिक्षण आणि बुद्ध्यांक जुळणारे तीस भिन्नलिंगी पुरुषही हवे होते. गंमत नव्हे, दुःख आहे: हे दुसरे तीस मिळवायलाच जास्त खटपट करावी लागली. नुसत्या या विषयाच्या वाऱ्याला उभं राहायलाही माणसं घाबरत होती.

मुलाखती विद्यापीठात घेता येणार नव्हत्या. तिथे कुणी जाताना दिसलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. बाईंच्या घरामागे बागेत एक स्वतंत्र खोली होती. एकेक माणूस फाटकातून आत यायचा, त्या खोलीत बसायचा. शाईच्या डागांत काय दिसतं ते सांगायचा, चित्रं पाहून गोष्टी रचायचा, कागदी माणसं मांडून प्रसंग उभे करायचा. समोर बसलेली बाई त्याला सुधारायला बसलेली नव्हती. ती टिपून घेत होती. त्यांपैकी कित्येकांना आयुष्यात असं ऐकून घेणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं असेल.

मग नावं काढून टाकून त्या साठ जणांची उत्तरं तीन नामांकित परीक्षकांपुढे ठेवली गेली. ब्रुनो क्लॉप्फर, मॉर्टिमर मेयर, एडविन श्नायडमन. आपापल्या चाचणीतले हे दादा लोक. समलिंगी कोण ते ओळखा, असं सांगितलं. त्यांना ओळखता आलं नाही. नाणं उडवून जेवढं बरोबर येईल तेवढंच आलं. एका परीक्षकाचा विश्वासच बसेना, म्हणून त्याने पुन्हा संधी मागितली. दुसऱ्यांदाही तेच. मानसिक स्वास्थ्याच्या मोजणीत दोन्ही गटांतले सुमारे दोन तृतीयांश पुरुष सर्वसाधारण किंवा त्याहून चांगले निघाले. 1956 मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या शिकागोच्या अधिवेशनात निबंध वाचला गेला, 1957 मध्ये छापून आला. सॅम फ्रॉम तो पाहायला नव्हता, मोटार अपघातात तो आधीच गेला होता.

पुढची सोळा वर्षं काय झालं? निदान तसंच राहिलं. 15 डिसेंबर 1973 रोजी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने ते आपल्या यादीतून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने ते काढायला 1990 साल उजाडावं लागलं. पुरावा समोर पडलेला असताना ज्यांना झटके दिले गेले, ज्यांची घरं मोडली, ज्यांनी जीव दिला, त्यांचा हिशेब कुणी द्यायचा?

आता आपल्याकडे वळू. हा दोष अमेरिकेचा म्हणून हात झटकायला जागा नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 इंग्रजांनी दिलं खरं, पण इंग्रज गेल्यावर सत्तर वर्षांहून अधिक काळ ते आपण जपलं. विजय तेंडुलकरांनी 1981 मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणली, तरी घराघरांतली कुजबुज काही उघड बोलणं झाली नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं. निकाल देताना न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासाने या माणसांची माफी मागायला हवी. त्याच वर्षी भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेने हा आजार नाही असं जाहीर केलं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कायदा बोलला, शास्त्र बोललं. आपण काय केलं?

मुलगा धीर एकवटून आईला सांगतो. आई रडते, वडील जेवण सोडतात. मग मामा येतो आणि घरातला शेवटचा शहाणपणाचा शब्द उच्चारतो: लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल. पत्रिका फिरू लागते. कांदेपोह्यांच्या ताटलीमागे एक मुलगी बसते, जिला कुणी काही सांगितलेलं नाही. मुलाचे आईवडील सगळं जाणून तिच्या कपाळाला कुंकू लावतात. या फसवणुकीला आपण घराण्याची अब्रू म्हणतो. दोन आयुष्यं चुलीत घालून राखलेली अब्रू! दोन वर्षांनी ती माहेरी परत येते तेव्हा ‘तिच्यातच काही कमी असेल’ म्हणणारेही आपणच असतो. मला या पापात सर्वांत जड तिचं ओझं वाटतं, कारण तिच्या बाजूने बोलायला मांडवात कुणीच नसतं.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे 2021 मध्ये दोन समलिंगी तरुणींचं प्रकरण आलं. घरच्यांपासून संरक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती. न्यायमूर्तींनी निकाल लिहिण्याआधी आपल्याला या विषयातलं कळत नाही हे उघड कबूल केलं, आणि एका मानसशास्त्रज्ञापुढे विद्यार्थी होऊन बसले. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला जे करताना कमीपणा वाटला नाही, ते आपल्या मामा-काकांना का जमू नये?

हूकरबाई 1996 मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी गेल्या. त्या साठ जणांना त्यांनी एकच गोष्ट देऊ केली होती, दार लावून घेता येईल अशी एक खोली आणि न दटावता ऐकणारं माणूस. तुमच्या घरात आज कुणी असं काही सांगायला आलं, तर स्थळं शोधायला बाहेर पडू नका. त्याला आधी बसायला सांगा आणि त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.