पेठेचें नाणें

‘द्रव्य’ हा शब्द ‘द्रु’ म्हणजे धांवणें, वाहणें, या धातूशीं जोडण्यांत येतो, असें आम्हीं विद्यार्थ्यांस पुष्कळ वर्षें शिकविलें. परंतु हें वाहणारें द्रव्य आपल्या घरांतून निघून कोणाच्या शेताकडे जातें, याचा विचार आमच्या हातून परवांपर्यंत झाला नव्हता.

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतांत वोर्गल नांवाचें एक लहान गांव आहे. १९३२ सालीं मंदीमुळें तेथें बेकारी माजली आणि ज्यांच्याजवळ पैसा होता ते तो घट्ट धरून बसले. तेव्हां नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनीं जुलै महिन्यांत नगरपालिकेच्या श्रमपावत्या काढल्या. रस्त्यांवर राबणाऱ्यांस मजुरी त्यांत मिळे, दुकानदार त्या घेत आणि नगरपालिका त्याच करांत स्वीकारी. मौज अशी कीं, दरमहा प्रत्येक पावतीवर तिच्या किंमतीच्या शेंकडा १ मोलाचें तिकीट चिकटवावें लागे. म्हणून ती पेटींत ठेवण्यास कोणी राजी नसे. थकलेले कर येऊं लागले, गांवचीं कामें झालीं. पुढें राष्ट्रीय बँकेनें चलन काढण्याचा आपला हक्क पुढें केला व १९३३ सालीं हा प्रयोग थांबला.

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांतील प्रीन गांवीं २००३ सालीं क्रिस्तियान गेलेरी या शिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांसह ‘कीमगाउअर’ हें चलन सुरू केलें. एक कीमगाउअर म्हणजे एक युरो. आरंभींच्या नियमाप्रमाणें व्यापाऱ्यानें त्याचे युरो करून घेतल्यास शेंकडा ५ कापले जात, व त्यांतील ३ गांवच्या संस्थांस मिळत. म्हणून व्यापारी तें शेजारच्या व्यापाऱ्याकडेच खर्च करणें पसंत करी. उलट इंग्लंडांतील ब्रिस्टल शहराचा पौंड २०१२ सालीं मोठ्या थाटानें निघाला. नगराध्यक्ष आपलें सारें वेतन त्यांत घेत. तरी २०२१ सालीं त्याच्या नोटा बाद झाल्या. केवळ कागदाच्या बळावर पेठ जगत नाहीं, हेंच खरें.

आपल्या देशांत, धारकास मागतांच पैसे देण्याचें वचन देणारे कागद खाजगी मंडळींनीं काढण्यास १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याची मनाई आहे. तेव्हां कोणी वाचकानें उत्साहाच्या भरांत नोटा छापावयास घेऊं नयेत! परंतु त्यांमागील तत्त्व पाळण्यास कायद्याची आडकाठी नाहीं.

नोव्हेंबर २०१६ मध्यें ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां आमच्या पेठेंतील वाण्यानें कित्येक आठवडे सारा किराणा आम्हांस वहीवर दिला. “गुरुजी, तुम्ही कोठें पळून जातां? मिळतील तेव्हां द्या,” एवढेंच तो म्हणाला. त्या दिवसांत त्याची ती लाल वही हेंच आमच्या पेठेचें नाणें होतें. पुढें चिरंजीवांनीं आम्हांस फोनवरून सामान मागविण्यास शिकविलें. डाळीमागें चार रुपये वांचूं लागले आणि त्या दुकानाची पायरी सुटली. गेल्या महिन्यांत ऐन पूजेच्या वेळीं उदबत्ती संपली म्हणून गेलों, तों कळलें कीं, दिवाळीनंतर दुकान बंद होणार. त्यानें तक्रारीचा एक शब्दही काढला नाहीं. नेहमींप्रमाणें स्टूल पुढें केलें व “बसा, गुरुजी,” म्हणाला. त्या स्टुलावर आम्हांस बसवेना.

घरीं येऊन हें सांगतांच आमच्या कुटुंबानें महिन्याची यादी पुढें ओढली. धान्य, डाळी, तेल व गूळ आतां त्याच्याकडूनच आणावयाचें ठरलें. चार रुपयांचा हिशेब आमच्या तोंडीं आलाच, तेव्हां ती म्हणाली, “तें तुमच्या त्या वोर्गलचें तिकीट समजा.”

दुकान टिकेल कीं नाहीं, हें एका घरावर अवलंबून नाहीं. म्हणूनच ही यादी आम्हीं वाचकांपुढें ठेविली आहे. ज्यानें आपली वही एकदां आपल्यासाठीं उघडली, असा एखादा वाणी आपल्याही पेठेंत असेल.