उतारवयातला उतार

रविवारी पहाटे दौलताबादच्या रस्त्याला लागणाऱ्या सायकलींवर आता पन्नाशी-साठीचे चेहरे बरेच दिसतात. काही जण किल्ल्यापाशी चहा घेऊन परततात, काही खुलताबाद गाठतात आणि ज्यांच्या पायांत अजून खुमखुमी आहे ते म्हैसमाळपर्यंत रेटतात. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर आहे, म्हैसमाळ १०६७ मीटरच्या आसपास. पाचशे मीटरचा हा चढ न उतरता पार करणाऱ्या एखाद्या अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थाला मग वाटू लागते, की आपणही छातीवर क्रमांक लावून शर्यतीत उतरावे. तीही डांबरी रस्त्यावरची नव्हे. मुरूम, सुटे गोटे आणि पायवाटांची, डोंगरातली. घरी विषय काढला की उत्तर तयार असते : ‘आता या वयात कशाला?’

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. तसेच ‘वय हा फक्त आकडा आहे’ असे म्हणून तो उडवूनही लावू नये. साठीत रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला तो आकडा रोज सकाळी भेटतो.

बाजूने बोलायचे तर पुरावा भरपूर आहे. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते. पण सराव न सोडणाऱ्यांत ही घसरण बरीच मंद असते. फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, तासाभरात २४ किलोमीटरहून जास्त सायकल चालवली. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःचाच विक्रम मोडून २६.९ किलोमीटर अंतर कापले. आपल्या जवळचे उदाहरण नाशिकच्या महाजन बंधूंचे. हितेंद्र आणि महेंद्र या दोघा डॉक्टरांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दवाखाने सांभाळून ही तयारी करणारे ते काही विशीतले व्यावसायिक खेळाडू नव्हते.

मात्र ही दोन्ही उदाहरणे दमाची आहेत. मार्शां छताखालच्या सपाट ट्रॅकवर फिरत होते, महाजन बंधू डांबरी रस्त्यावर होते आणि त्यांच्या मागे मदतीची गाडी होती. डोंगरातल्या शर्यतीत दमाइतकीच कसोटी लागते ती उतारावर, आणि आमचा आक्षेप नेमका तिथे आहे.

चढ प्रामाणिक असतो. झेपेनासे झाले की छाती धपापते, मांड्या पेटतात, माणूस हलका गिअर टाकतो किंवा उतरून सायकल ढकलतो. चढावर अतिशहाणपणा करायला शरीर फारशी संधीच देत नाही. उतारावर मात्र शरीर काहीच सांगत नाही. वाऱ्याने घाम सुकतो, मघाशी पुढे गेलेली पोरे गाठता येतील असे वाटते आणि हात ब्रेकवरून सुटतो. समोरचा गोटा दिसणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे यांतले अंतर वयानुसार किंचित वाढलेले असते; ते कळते तेव्हा माणूस जमिनीवर असतो. साठी बुद्धी नाठी ही म्हण बहुधा अशाच एखाद्या उतारावर सुचली असावी. त्यात सायकलीवर अंगाचा भार हाडांवर पडत नाही. म्हणून वर्षानुवर्षे फक्त सायकलच चालवणाऱ्यांची कंबरेची आणि मणक्याची हाडे त्यांना वाटते तितकी भक्कम नसतात. पंचविशीत गळपट्टीचे हाड मोडले तर काही आठवड्यांत जुळते. साठीत खुब्याचे मोडले तर सगळ्या घराचे वेळापत्रक बदलते, म्हणून ‘कशाला’ असे विचारण्याचा घरच्यांना हक्क आहे.

हृदयाची बाजू संमिश्र आहे. स्वीडनमधल्या ‘वासालोपेट’ या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीच्या ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास झाला. त्यात जास्त शर्यती केलेल्यांत आणि वेगाने धावलेल्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण अधिक आढळले. त्याच शर्यतीच्या स्पर्धकांच्या आणखी एका अभ्यासात मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी दिसले. म्हणजे सोफ्यावर बसून राहण्याचा सल्ला यातून निघत नाही. टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची हृदयतपासणी, करून घेण्याचा मात्र निघतो.

मग आयोजकांनी वयाची मर्यादा घालावी का? आमच्या मते, नाही. पंचावन्नला रेघ ओढली तर छप्पन्नचा तयारीचा स्वार घरी बसेल आणि पस्तीसचा, वर्षभर सायकलीवरची धूळही न झटकलेला, उतारावर सुटेल. त्याचबरोबर वय बघून कटऑफच्या वेळेत सवलत देणेही आम्हाला पटत नाही. अंधार पडल्यावर रानात रेंगाळणाऱ्या स्वाराला शोधायला स्वयंसेवकच जातात, आणि अंधार कोणाचे वय विचारत नाही. क्रमवारीसाठी वेगळे वयोगट अवश्य असावेत. प्रौढ सायकलपटूंच्या ‘मास्टर्स’ जागतिक स्पर्धेत ते पाच-पाच वर्षांचे असतात.

उचलण्याजोगी गोष्ट आहे ती दक्षिण आफ्रिकेतली. २००४ पासून होणाऱ्या ‘केप एपिक’ या आठ दिवसांच्या शर्यतीत दोघादोघांच्या जोड्या उतरतात. दोघेही चाळिशीपुढचे असतील तर एक गट, पन्नाशीपुढचे असतील तर दुसरा. वाटेत जोडीदारांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडले तर दंड होतो. हा नियम वयस्करांसाठी केलेला नाही, पण त्यांच्या फार उपयोगाचा आहे. जोडीदार मागे आहे हे माहीत असले की उतारावरचा मोह आपोआप आवरतो, आणि कोणी पडलेच तर दोन मिनिटांत दुसरे माणूस तिथे पोहोचते. महाजन बंधूंचेही यश जोडीचेच होते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : साठीतल्या तयार स्वाराने जरूर उतरावे, पण एकट्याने नाही. हिमालयातल्या एखाद्या शर्यतीची तयारी म्हैसमाळवर करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तिथले सिमलाच दोन हजार मीटरच्याही वर आहे. तिथली विरळ हवा इथे शिकता येत नाही, चार-पाच दिवस आधी जाऊन ती अंगवळणी पाडावी लागते. उतार मात्र इथेही शिकता येतो. मराठवाड्यात उद्या कोणी डोंगरातली शर्यत भरवली, तर पन्नाशीपुढच्यांच्या अर्जात टीएमटीच्या अहवालाशेजारी जोडीदाराच्या नावाचा रकाना सक्तीचा ठेवावा.