मोर्च्याच्या अलीकडची गोष्ट

पूनम गेटसमोर बायकांचा मोर्चा येणं सोलापूरला नवं नाही. विडी कामगार, अंगणवाडीताई, आशाताई, कोणी ना कोणी येतंच. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो असतो. वळलेल्या मुठी, उन्हासाठी डोक्यावर घेतलेला पदर, मागे झेंडे. आपण चहा घेता घेता तो बघतो आणि पान उलटतो. पण मला नेहमी प्रश्न पडतो, ही बाई इथपर्यंत आली कशी? घरी काय सांगून निघाली? बुडालेली मजुरी कशी भरून काढणार?

मोर्च्याच्या अलीकडची ही गोष्ट मन लावून टिपली ती दीपा धनराज यांनी. १९८० साली बंगळुरूत त्यांनी आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरामन नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्याबरोबर ‘युगांतर’ हा गट सुरू केला. ना स्टुडिओ, ना बडा निर्माता. पहिला माहितीपट १९८१चा, पुण्याच्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या संघटनेवर. नावच ‘मोलकरीण’! घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २००८ साली. म्हणजे कायद्याला या बायका दिसायच्या सत्तावीस वर्षं आधी कॅमेऱ्याला दिसल्या होत्या.

मग ही मंडळी गेली सीमाभागातल्या निपाणीला. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ. तिथल्या वखारींत राबणाऱ्या बायकांच्या नशिबी तंबाखूची धूळ, तुटपुंजी मजुरी आणि वर मुकादमाची अरेरावी. त्या संघटित होत होत्या. युगांतरची माणसं एका दिवसात मोर्चा टिपून परतली नाहीत. चार महिने तिथे राहिली. आधी ऐकलं, चर्चा केल्या, मग कॅमेरा चालवला. १९८२च्या ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ या माहितीपटात म्हणूनच बायका स्वतःची गोष्ट स्वतः सांगतात, तीही आपल्या मराठीत. त्यांची कीव करणारं कोणी मध्ये येत नाही. भीती एकदम जात नाही. ती एकीनं दुसरीशी बोलल्यावर थोडी थोडी कमी होते, हे मला तिथं कळतं.

असं जगात इतरत्रही घडलंय. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या कोळसा खाणकामगारांनी १९७३ साली संप केला, तेव्हा त्यांच्या बायका पहाटे रस्त्यावर ठाण मांडून बसल्या. बार्बरा कोपल ही तरुण बाई तिथं कॅमेरा घेऊन राहिली, प्रसंगी मारही खाल्ला. तिच्या १९७६च्या ‘हार्लन काउंटी यूएसए’ला पुढे ऑस्कर मिळालं. खाणी नवऱ्यांच्या, पण लढ्याचा कणा बायका, हे जगाला कळलं ते त्या माहितीपटामुळे.

आता कोणी म्हणेल, “फिल्म काढून मजुरी वाढते होय?” नाही वाढत. ती संघटनेनंच वाढते. पण नोंद नसली की पुढच्या मुलींना सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि आजीचं मोलही कळत नाही. आमच्या शेजारच्या अक्कांनी पानं भिजवून, कापून, हजाराच्या हिशोबानं आयुष्यभर विड्या वळल्या. मोर्च्यांत पायपीट केली. त्यांची शिकलेली नात परवा सहज म्हणाली, “आजी काय, नुसत्या विड्या वळायची.” त्या ‘नुसत्या’ शब्दानं माझ्या पोटात तुटलं. आपल्या शहरात १९३१ साली फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, त्यांची नावं मुलांना पाठ असतात. ते योग्यच आहे. पण अक्कांच्या लढ्याचं काय? त्याचा ना पुतळा, ना पुस्तक. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं २००६ साली उभी राहिली. त्यासाठी कोण किती वेळा रस्त्यावर बसलं, हे आज सांगणाऱ्या आहेत. उद्या?

मैत्रिणींनो, युगांतरकडे होता वजनदार सोळा मिलिमीटरचा कॅमेरा. आपल्या हातात मोबाइल आहे. त्यावर लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ आपण काढतोच. एक दुपार आई, सासू, मावशी, अक्कांसाठी काढा. आधी परवानगी घ्या. कामावर असलेल्या बाईचा चेहरा दिसल्यानं तिचं काम जाऊ शकतं, म्हणून नुसता आवाज घेतला तरी चालेल. “किती त्रास झाला?” एवढंच विचारू नका. “पहिल्यांदा घराबाहेर पडलात तेव्हा कोणाला काय सांगितलंत?” हे विचारा. आणि मध्ये बोलू नका.

मुठीचा फोटो पेपरवाले काढतीलच. ती मूठ वळायला किती वर्षं लागली, हे मात्र घरातलीच कोणी विचारू शकते.