काटवलाचा वेल उपटण्यापूर्वी



मृगाचा पाऊस पडला की धुऱ्यावर, कुंपणाकडेला काटवलाचे कोंब आपोआप वर येतात. पश्चिम महाराष्ट्रात यालाच कर्टुली म्हणतात. श्रावणात ही भाजी बाजारात भाव खाते. मात्र घरच्या वेलाबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘वेल माजला, फुले भरपूर आली, पण फळ एकही नाही.’ मग रागाने वेल उपटला जातो. असे करू नका. आधी फूल पाहा.

पपईप्रमाणे काटवलातही नर वेल व मादी वेल निरनिराळे असतात. फुलाखाली इवलेसे काटेरी फळ दिसले तर वेल मादी. नुसता देठ असेल तर नर. नर वेलाला फळ धरत नाही, पण त्याच्या परागाशिवाय मादीची फळेही पिवळी पडून गळतात. म्हणून आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल राखावा. फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवले तर फळधारणा चांगली होते. फळे बी कडक होण्यापूर्वी, कोवळी असतानाच तोडावीत.

बियांपासून नर किती व मादी किती येतील, हे फुले येईपर्यंत कळत नाही. यास्तव लागवड मादी वेलाच्या कंदांपासून करावी. पावसाळा सरला की वेल वाळतो, पण जमिनीत कंद जिवंत असतो. वाळल्यावर नर-मादी ओळखू येत नाही. तेव्हा वेल फुलावर असतानाच मादीजवळ खुंटी ठोकून ठेवा. ती जागा नांगरटीत सापडू देऊ नका.

कोंब फुटण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस कंद काढून तीन-चार फुटांवर लावा. आपल्या शेगाव भागातील काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतो, म्हणून लागवड वरंब्यावर करा. वेलाला बांबूचा किंवा तुराट्यांचा मांडव द्या. पऱ्हाट्या मात्र वापरू नका. त्यांवरील बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते.

सातपुड्याच्या रानातून कंद उपसून आणू नका. रानातला वेल संपला, तर पुढच्या पिढीला बेणे कोठून मिळणार? त्यापेक्षा ज्यांच्या घरी मादी वेल आहे, त्यांनी एखादा कंद शेजाऱ्याला द्यावा.